'वॉकर' म्हणजे चालणारा नव्हे : एका इंग्रजी आडनावाची गोष्ट

रानजाई

मुलतानी मातीच्या पाकिटावर कोपऱ्यात बारीक अक्षरांत 'फुलर्स अर्थ' छापलेलं असतं. लहानपणी मला वाटायचं, फुलर नावाचा कोणी साहेब असणार आणि ही माती त्यानं शोधून काढली असणार. त्या शब्दाचा खरा अर्थ कळायला मला थेट उत्तर इंग्लंडात, यॉर्कशरला यावं लागलं, आणि तोही कळला तो दुसऱ्याच एका आडनावाच्या नादानं.

मी मूळची इचलकरंजीची. घरी आठ यंत्रमाग होते, खडखडाटातच वाढले. सहा वर्षांपूर्वी आम्ही हडर्सफील्डला आलो. हेही कापडाचंच गाव. आपलं सुताचं, यांचं लोकरीचं. इथे वॉकर आडनाव जिकडेतिकडे. शाळेत वॉकर, दवाखान्यात वॉकर, जुन्या दफनभूमीत तर ओळीनं वॉकर. १८५३ साली इंग्लंड-वेल्समधल्या आडनावांची सरकारी मोजदाद झाली, तेव्हाही हे पहिल्या वीसांत होतं. मी मनाशी धरून चालले होते की पूर्वज कोणी फिरस्ता असेल, नाहीतर पायी निरोप पोचवणारा असेल.

जवळच गोल्कार नावाचं डोंगरउतारावरचं गाव आहे. तिथे विणकरांच्या जुन्या घरांत कोल्न व्हॅली संग्रहालय केलंय. वरच्या मजल्यावर मागावर उजेड यावा म्हणून खिडक्यांची लांबच लांब ओळ. ती बघूनच मला घरची आठवण आली. लोकरीच्या कापडाचं पुढे काय व्हायचं ते मी तिथून परत आल्यावर वाचत गेले.

मागावरून उतरलेलं लोकरीचं कापड अंगावर घालण्यासारखं नसतं. विरविरीत, तेलकट, धागे सुटे. ते हौदात घालायचं, त्यात शिळं मूत्र आणि एक विशिष्ट माती टाकायची, आणि माणसांनी आत उतरून ते तासन् तास पायांनी तुडवायचं. मुरलेल्या मूत्रातला अमोनिया तेल सोडवतो, माती ते शोषून घेते. इथल्या बोलीत या मूत्राला 'लँट' म्हणायचे आणि ते घरोघरून गोळा व्हायचं. ओलावा, ऊब आणि तुडवणं यांनी लोकरीच्या तंतूंवरचे बारीक खवले एकमेकांत अडकतात. कापड आटतं, दाट होतं, वारा-पाऊस अडवायला लागतं. हे काम करणारा तो वॉकर. आणि ती माती म्हणजे आपली मुलतानी माती, कारण याच कामगाराचं दुसरं नाव फुलर!

तिसरंही नाव आहे, टकर. काम एकच, पण उत्तरेत आणि मध्य भागात तो वॉकर, आग्नेयेला आणि पूर्वेला फुलर, नैऋत्येला डेव्हन-सॉमरसेटकडे टकर. चौदाव्या शतकाच्या आसपास धंद्याची नावं आडनावं म्हणून घट्ट झाली (उत्तरेत जरा उशिरा), आणि त्या वेळच्या बोलींचा नकाशा आडनावांत तसाच राहून गेला. नंतर गिरण्या आल्या, माणसं गावं सोडून गेली, तरी आजही आडनावांचे नकाशे बघितले तर तो जुना रंग खालून दिसतो.

मला हे फार लागलं. आमच्याकडे 'विणकर' म्हणून मान मिळतो, पण कापड माग सोडल्यावर ते धुणाऱ्या, रंगवणाऱ्या, ताणणाऱ्या माणसांची नावं कोणी घेत नाही. इथे निदान आडनावात तरी तो माणूस राहिलाय, मग बाळगणाऱ्यांना ते ठाऊक असो वा नसो.

तुम्हाला अशी आडनावं माहीत असतील तर लिहा. चुकलं असेल तर दुरुस्तही करा.

---

अनुस्वार

सुंदर लिहिलंय, रानजाई. एकच गोष्ट नीट करायला हवी. वाचणाऱ्याला वाटेल की कापडावर 'चालायचे' म्हणून 'वॉकर'. क्रम उलटा आहे.

जुन्या इंग्रजीत 'वेआल्कन' असं क्रियापद होतं. अर्थ लोळवणे, घुसळणे, हेलकावणे. समुद्राच्या लाटांबद्दलही ते यायचं. त्याचाच जर्मन भाऊ 'वाल्कन', त्याचा अर्थ आजही लोकर मळणे, तुडवणे असाच आहे, आणि तिथेही वाल्कर, वेल्कर अशी आडनावं आहेत. म्हणजे वॉकर हा 'कापड घुसळणारा'. 'पायी जाणे' हा अर्थ साधारण तेराव्या शतकात पुढे आला आणि बघता बघता सगळं घर व्यापून बसला. मूळ अर्थ बोलण्यातून गेला, आडनावात उरला.

फुलर हा त्या मानानं परका शब्द. रोमन लोक या कामगाराला 'फुल्लो' म्हणत, तिथून तो आला. फ्रेंचमध्ये 'फुलाँ'. व्हेसुव्हियसच्या राखेत गाडल्या गेलेल्या पाँपेईत अशा कारखान्याचे हौद जसेच्या तसे सापडले आहेत. सम्राट व्हेस्पेशियननं मूत्रावर कर बसवला होता, इतका त्या मालाला भाव होता.

---

रानजाई

अनुस्वार, मनापासून आभार. मी तुडवण्याचं चित्र डोळ्यांपुढे ठेवून लिहीत गेले आणि शब्दाचा क्रम निसटला. म्हणजे पाय खरे, पण शब्द पायांवरून आलेला नाही. बरोबर ना?

---

अनुस्वार

अगदी बरोबर. तुडवणं होतंच. चौदाव्या शतकातला इंग्रज कवी लँगलंड याच्या काव्यात या सगळ्या प्रक्रियेचं वर्णन आहे. मागावरचं कापड घालण्याजोगं नसतं, ते पायाखाली किंवा यंत्राच्या ठोकळ्यांखाली 'फुल' करावं लागतं, मग धुवायचं, काटेरी बोंडांनी खरवडायचं, 'टक' करायचं, ताणायचं, तेव्हा कुठे ते शिंप्याच्या हाती जातं. 'फुल' आणि 'टक' ही दोन्ही क्रियापदं त्या चार ओळींत शेजारी शेजारी आली आहेत.

---

बारीक_टाका

टकरबद्दल कोणीच बोललं नाही म्हणून लिहिते. त्याच्या मुळाशी जुनं इंग्रजी 'तूकियान' आहे, आणि त्याचा अर्थ चक्क छळणे, हाल करणे! माणसाचे हाल करायचा शब्द कापडाला लागला, कारण कापडाला तसंच ओढायचे, बडवायचे.

वाचताना मला आपली 'कुंदी' आठवली. माझी आजी सांगायची, धुतलेल्या धोतरा-उपरण्यांच्या घड्या घालून लाकडी मोगरीनं ठोकायचे, म्हणजे सुरकुत्या जाऊन कापडाला तकाकी यायची. ती कुंदी, आणि करणारा कुंदीगर. आज कुंदी केलेलं कापड कोणी पाहिलेलं नसतं, पण 'त्याची चांगली कुंदी काढली' हे आपण म्हणतोच. धोपटणं घ्या, धुलाई घ्या, तेच. इंग्रजीत मार माणसाकडून कापडाकडे गेला, आपल्याकडे कापडाकडून माणसाकडे आला.

फरक आहे हेही सांगते. कुंदी सुती कापडाची, ती त्याला गुळगुळीत करते, आटवत नाही. वॉकरचं काम लोकरीचं. सूत कितीही तुडवलं तरी लोकरीसारखं एकमेकांत गुंतत नाही, सुताच्या तंतूला ते खवलेच नाहीत.

---

पंचगंगा

लोकर तुडवण्याचं म्हणाल तर कोल्हापुरात ती कला आहे की! जान आणि बुरणूस. पिंजारी लोक लोकर पिंजून पसरतात, पाणी मारतात, गुंडाळी करून लाटतात, दाबतात, पुन्हा उलगडतात, पुन्हा गुंडाळतात. शेवटी जाड, घट्ट पट्टाच तयार होतो. माझ्या आजोबांच्या खाटेवर बुरणूस असायचा. थंडीत त्याच्यावर निजलं की खालून गारठा लागायचा नाही.

अनुस्वारांनी 'लोळवणे, घुसळणे' लिहिलं तेव्हा मला ती गुंडाळीच दिसली.

---

बारीक_टाका

पंचगंगा, छान आठवण. बुरणुसात विणकाम नसतं, सुटी लोकरच एकमेकांत गुंतवतात. वॉकरकडे विणलेलं कापड येतं. पण तंतू अडकण्याची तऱ्हा दोन्हीकडे तीच.

---

टेकडीपलीकडे

मी कार्डिफला असतो. वेल्श भाषेत कापड तुडवण्याच्या गिरणीला 'पांडी' म्हणतात. १९१० साली कोळसा खाणकामगारांच्या संपात जिथे दंगल झाली, ते टोनीपांडी गाव ठाऊक असेल. त्याच्या नावात हीच पांडी आहे. म्हणजे कोळशाच्या आधी तिथे ओढ्यावर लोकर कुटली जायची.

आणि पाय फार लवकर सुटले, हेही सांगायला हवं. पाणचक्कीवर चालणारे मोठे लाकडी हातोडे आले. टेंपलर या ख्रिस्ती धर्मयोद्ध्यांच्या पंथाच्या जमिनींची ११८५ सालची नोंदवही आहे, तिच्यात यॉर्कशरमधल्या न्यूशॅमला अशी पाणचक्की असल्याचं लिहिलंय. म्हणजे आडनावं पक्की व्हायच्या दीडशे-दोनशे वर्षं आधीच यंत्र आलं होतं. त्यामुळे १३७९ च्या यॉर्कशरमधल्या डोईपट्टीच्या यादीतला एखादा वॉकर प्रत्यक्षात पायानं तुडवत असेल किंवा चक्कीवर उभा राहून कापड उलटंपालटं करत असेल. नाव जुन्याच कामाचं राहिलं.

---

जुनी_पाटी

विषय आवडला, पण सगळ्या वॉकरांना एकाच हौदात घालू नये असं मला वाटतं. न्यूकासलला वॉकर नावाचा भाग आहे. हेड्रियनची रोमन भिंत तिथून जायची. 'वॉल' म्हणजे भिंत आणि 'कार' म्हणजे दलदल, भिंतीलगतची दलदल, असा त्या नावाचा अर्थ. तिथून बाहेर पडलेल्या कुटुंबाला गावावरून वॉकर म्हटलं असेल तर त्याचा लोकरीशी काय संबंध? राजाच्या राखीव जंगलात ठरावीक टापूत गस्त घालणाऱ्यालाही वॉकर म्हणत.

---

रानजाई

जुनी_पाटी, हे तुम्ही सांगितलं ते बरं झालं. काही घराणी त्या वाटेनं आली असतीलच. पण आडनाव इतकं प्रचंड आहे की एक गाव आणि मूठभर वनरक्षक त्याला पुरे पडत नाहीत. शिवाय त्याचा फैलाव बघा. जिथे वॉकर दाट तिथे फुलर-टकर विरळ, आणि उलट. जंगलं तर सगळीकडेच होती. ती आडनावं एकमेकांना अशी जागा देतात, याचा अर्थ तिघांचं काम एकच होतं.

---

जुनी_पाटी

हे पटलं. जागा देण्याचा मुद्दा माझ्या लक्षात आला नव्हता.

---

शब्दवेडी

आणि दारूच्या बाटलीवर झपाझप चालणारा, काठी घेतलेला, उंच टोपीवाला माणूस? जॉनी वॉकर हे नाव जॉन वॉकर या किलमारनॉकच्या वाण्याचं. जन्म १८०५ चा. तो चालणारा माणूस १९०८ साली चित्रकार टॉम ब्राउननं काढला. तेव्हापासून जगभर वॉकर म्हणजे चालणाराच झाला. किलमारनॉक तर लोकरीच्या टोप्यांसाठी नावाजलेलं गाव. आपले बद्रुद्दीन काझी त्या बाटलीवरून जॉनी वॉकर झाले, म्हणजे स्कॉटलंडच्या लोकर तुडवणाऱ्याचं नाव मुंबईच्या पडद्यावर आलं.

---

दूरदेशी

स्कॉटलंडचा विषय निघालाच आहे तर. तिकडे या कामाला 'वॉकिंग' म्हणतात, पण लिहिताना वेगळं लिहितात, म्हणजे पायी चालण्याशी गल्लत होत नाही. हेब्रिडीज बेटांवर हे काम बायकांचं. लांब फळीभोवती दोन्ही बाजूंनी बसून ओलं कापड आपटत, एकीकडून दुसरीकडे सरकवत जायच्या, आणि त्या तालावर गेलिक भाषेत गाणी. एकीनं ओळ म्हणायची, बाकीच्यांनी पालुपद धरायचं. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत हे चालू होतं, म्हणून ध्वनिमुद्रणं आहेत. मी ऐकली आहेत. शब्द एक कळत नव्हता, पण आपटण्याचा ठेका सुरू झाला आणि मला आईची जात्यावरची ओवी ऐकू आली. डोळे भरून आले.

तुझ्या मूळ लेखात हौदातली माणसं पुरुषच वाटतात, रानजाई. बेटांवरच्या या बायकांनाही त्यात जागा दे.

---

रानजाई

दिली, दूरदेशी. आणि त्यावरून आठवलं, वेबस्टर आणि बॅक्स्टर. त्यातलं 'स्टर' हे मुळात बाईच्या कामाचं शेपूट. वेबस्टर म्हणजे विणणारी, बॅक्स्टर म्हणजे भाजणारी. पुढे उत्तरेकडे ते पुरुषांनाही लागलं. लिस्टर म्हणजे रंगारी, तोही उत्तरेकडचा. दक्षिणेत त्याला डायर म्हणतात. जंतुनाशक शस्त्रक्रियेचा पाया घालणारे जोसेफ लिस्टर याच आडनावाचे, आणि गुळण्या करायच्या लिस्टरीनला नाव त्यांच्यावरून दिलं. नाव रंगाऱ्याचं, बाटली दातांसाठी.

---

सोनचाफा_नगर

मी नगरच्या ख्रिस्ती घरातली. बायबलात हा फुलर दोनदा ठळक येतो. यशयाच्या सातव्या अध्यायात त्याच्या शेताकडे जाणारी वाट आहे. मार्कच्या नवव्या अध्यायात येशूचं रूप पालटतं, तेव्हा वस्त्रं इतकी शुभ्र होतात की पृथ्वीवरच्या कोणा फुलरला तशी करता येणार नाहीत, असं इंग्रजीत आहे. आमच्या मराठी बायबलात तिथे 'परीट' आहे. लहानपणापासून तो परीटच ऐकलाय. आज कळलं की इंग्रजी वाचणाऱ्याच्या डोळ्यांपुढे वेगळा माणूस उभा राहतो. तरी भाषांतर करणाऱ्यांनी योग्य तेच केलं असं मला वाटतं. कापड शुभ्र करणारा म्हटल्यावर आपल्याकडे दुसरं कोण येणार?

टकर आडनावाचंही आमच्याकडे एक नाव घेतात. फ्रेडरिक टकर. सरकारी सनदी नोकरी सोडून १८८२ च्या सप्टेंबरात चार जणांच्या तुकडीसह मुंबईला उतरले आणि मुक्तिफौजेचं (साल्व्हेशन आर्मीचं) काम इथे सुरू केलं. भगवी वस्त्रं, अनवाणी पाय, नाव फकीरसिंग. पुढे संस्थापक बूथ यांच्या मुलीशी लग्न झाल्यावर दोघांचं आडनाव जोडून बूथ-टकर झालं.

---

टेकडीपलीकडे

टकरांचं घर बघायचं असेल तर डेव्हनमध्ये एक्झिटरला 'टकर्स हॉल' आहे. विणकर, टकर आणि कापडाचे केस कातरणारे यांच्या संघाची ती जागा, १४७१ पासूनची. अजून उभी आहे. मी पाहिली आहे. आतलं लाकडी छत बघत राहावं असं आहे. त्या कातरणाऱ्यावरून शेरमन आडनाव आलं.

---

साखरवाडी

एक प्रश्न. आज जगात जे वॉकर आहेत ते सगळे या कामगारांचे वंशज धरायचे का? अमेरिकेत कितीतरी कृष्णवर्णीय वॉकर आहेत.

---

अनुस्वार

नाही धरायचे. आडनावाचा अर्थ ही आडनावाची गोष्ट आहे, ते बाळगणाऱ्या प्रत्येकाची नव्हे. गुलामगिरीत माणसांवर मालकांची आडनावं लादली गेली. काही नावं लग्नातून येतात. केशप्रसाधनाच्या धंद्यातून मोठ्या झालेल्या मॅडम सी. जे. वॉकर १८६७ साली जन्मल्या तेव्हा सेरा ब्रीडलव्ह होत्या, वॉकर हे नवऱ्याचं आडनाव. त्यांच्या घराण्याचा शोध यॉर्कशरच्या हौदात घेणं हा त्यांच्या पूर्वजांवर अन्याय होईल.

आणि मुंबईत तर ही प्रक्रिया आपल्या डोळ्यांदेखत झाली. पारशी घरांत काँट्रॅक्टर, इंजिनियर, मर्चंट ही आडनावं अशीच धंद्यावरून पडली. फरुख इंजिनियर यष्टीरक्षण करायचे, पण आडनाव पूर्वीचंच.

---

रानजाई

साखरवाडी, चांगला प्रश्न विचारलात. हे मी लेखातच लिहायला हवं होतं.

एक राहिलं होतं. तुडवून, धुऊन झाल्यावर ओलं कापड वेडंवाकडं आटू नये म्हणून ते उघड्या माळावर लाकडी चौकटीवर ताणून वाळवायचे. चौकटीच्या वर-खाली वाकडे खिळे असत, त्यांत कापडाच्या कडा अडकवायच्या. ती चौकट म्हणजे 'टेंटर', ते खिळे 'टेंटरहुक'. जीव टांगणीला लागला की इंग्रज माणूस आजही 'मी टेंटरहुकांवर आहे' म्हणतो. हॅलिफॅक्सला पीस हॉल म्हणून १७७९ सालचा कापडबाजार आहे, ३१५ खोल्यांचा, मधे भलंमोठं आवार. डोंगरातले विणकर एकेक ठाण घेऊन तिथे विकायला यायचे. तिथे मी पहिल्यांदा उभी राहिले तेव्हा मला गावाकडच्या कापड दलालांच्या पेढ्यांबाहेर ठाणाची गाठोडी सायकलवर घेऊन उभे असलेले बाबा दिसले.

---

पाळी_पहिली

ताई, मी इचलकरंजीचाच. कधी लिहीत नाही, वाचतो फक्त. प्रोसेस हाऊसला बावीस वर्षं झाली. त्यातली सतरा वर्षं मी स्टेंटरवर आहे. ग्रे कापड धुऊन, रंगून आलं की आमच्या मशीनवर दोन्ही कडा पिनांत धरून पन्हा ताणायचा आणि गरम हवेतून काढायचा. तुम्ही टेंटर लिहिलं ते वाचून थांबलो. हे तेच का?

---

रानजाई

दादा, तेच. तुमचं स्टेंटर म्हणजे त्या माळावरच्या टेंटरचंच यंत्र झालेलं रूप. पूर्वी खिळे होते, आता साखळीवर पिना आणि चाप आहेत. पूर्वी वारा होता, आता गरम हवा आहे. शब्दही तोच, पुढे एक 'स' लागलाय एवढंच.

इतकी वर्षं त्या शब्दाच्या शेजारी राहून मलाही हे इथे आल्यावरच कळलं. सतरा वर्षं त्या उष्णतेपुढे उभं राहणं सोपं नाही. तुम्ही लिहिलंत याचा फार आनंद झाला.

---

पाळी_पहिली

पिना बोटाला लागतात अजून. नवीन पोरं आली की पहिल्या आठवड्यात प्रत्येकाचं बोट फाटतं. त्या माळावरच्या लोकांचंही फाटत असणार.

उद्या पाळीला जाताना हे छापून नेतो. आमच्यात एक जण आहे, त्याला असलं फार आवडतं.